फटका आणि पायरी

वरूड हे अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे गाव सातपुड्याच्या पायथ्यालगतच्या प्रदेशात वसलेले आहे. संत्र्यांच्या बागांनी या गावाचे नाव दूरवर पोहोचवले. आंबिया बहराच्या दिवसांत शिवारात पाऊल टाकले, की संत्र्याच्या फुलांचा मंद सुगंध आपले स्वागत करतो. अशा या गावी शिक्षक म्हणून माझी अनेक वर्षे गेली. शाळा सुटली, की मुले मैदानाकडे धाव घेत. एका कोपऱ्यात कबड्डीचा दम घुमे, दुसऱ्या कोपऱ्यात क्रिकेटच्या यष्ट्या रोवल्या जात आणि तिसऱ्या कोपऱ्यात काही मुलेमुली एका मोठ्या चेंडूशी आणि एका गोल दांड्याच्या बॅटशी खेळत असत. तो खेळ म्हणजे सॉफ्टबॉल. या खेळातील फटका कसा शिकावा, आणि शिकलेला फटका घेऊन कोणत्या स्पर्धेत उतरावे, या दोन प्रश्नांचा विचार आज आपण करणार आहोत. यांपैकी पहिला प्रश्न कठीण आहे, हे सर्वांना ठाऊक असते. दुसरा त्याहून कठीण आहे, हे मला फार उशिरा समजले.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून घेऊ. सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरी झाला. हिवाळ्याच्या दिवसांत काही तरुण एका नौका-क्लबाच्या सभागृहात जमले होते. त्यांच्यापैकी एकाने गंमत म्हणून मुष्टियुद्धाचा हातमोजा दुसऱ्याकडे फेकला आणि दुसऱ्याने तो काठीने टोलवला. तेथे उपस्थित असलेल्या जॉर्ज हॅनकॉक यांना त्यात एक नवा खेळ दिसला. त्यांनी तो मोजा दोरीने बांधून त्याचा चेंडू केला, झाडूच्या दांड्याची बॅट केली आणि सभागृहातच बेसबॉलसारखा डाव मांडला. पुढे हा खेळ मोकळ्या मैदानावर आला. १९२६ मध्ये त्यास ‘सॉफ्टबॉल’ हे नाव सुचवले गेले. नावात मृदुपणा असला, तरी आजचा चेंडू मुळीच मृदू नसतो. १९९६ पासून २००८ पर्यंत, आणि पुन्हा २०२१ मध्ये तोक्यो येथे, ऑलिंपिकमध्ये महिलांनी हा खेळ खेळला.

या खेळात प्रत्येक बाजूस नऊ खेळाडू असतात व सामना साधारणतः सात डावांचा होतो. चेंडू फेकणारा तो पिचर. तो हात खांद्यावरून न आणता कमरेखालून चेंडू फेकतो. फटका मारणारा खेळाडू ‘होमप्लेट’ नावाच्या पांढऱ्या पट्टीशेजारी उभा असतो. चेंडू त्या पट्टीवरून, छाती व गुडघे यांच्या दरम्यान आला, की तो योग्य चेंडू होय. असा चेंडू सोडून दिला, किंवा कोणत्याही चेंडूवर बॅट फिरवून तो चुकवला, तर ‘स्ट्राइक’ होतो. तीन स्ट्राइक झाले, की फलंदाज बाद. चार अयोग्य चेंडू सोडले, तर मात्र त्यास पहिल्या बेसकडे चालत जाण्याचा अधिकार मिळतो. यावरून एक गोष्ट तुमच्या ध्यानात येईल. या खेळात मारणे जितके महत्त्वाचे, तितकेच न मारणेही महत्त्वाचे आहे.

आता फटका इतका कठीण का, ते पाहू. तुम्ही गणितात वेग, अंतर व काळ यांची उदाहरणे सोडवली असतील. त्यांचा येथे उपयोग होईल. मोठ्या महिलांच्या सामन्यात पिचर ४३ फुटांवरून, म्हणजे सुमारे १३ मीटरांवरून चेंडू फेकते. चेंडूचा वेग ताशी १०० किलोमीटर धरला, तर तो एका सेकंदात सुमारे २८ मीटर जातो. म्हणजे पिचरच्या हातून सुटलेला चेंडू होमप्लेटवर पोहोचण्यास अर्धा सेकंदही लागत नाही! एवढ्या अवधीत डोळ्यांनी चेंडू पाहायचा, तो योग्य की अयोग्य हे मनाने ठरवायचे आणि हातांनी बॅट फिरवायची. केवळ बॅट फिरवण्यातच यातला बराच काळ खर्च होतो. विचारास उरतो तो डोळ्याची पापणी लवण्याइतका क्षण.

याउलट लहान मुलांच्या खेळात अंतर ३५ फूट आणि वेग ताशी ५० किलोमीटर धरला, तर चेंडू पोहोचण्यास सुमारे पाऊण सेकंद लागतो. अर्धा आणि पाऊण यांतील अंतर वहीत लिहिताना क्षुल्लक वाटते. पण होमप्लेटपाशी उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या मुलास ते फार मोठे असते. पाऊण सेकंदात त्याला चेंडू दिसतो. अर्ध्या सेकंदात त्याला नुसती भीती दिसते. हे गणित नीट लक्षात ठेवा. पुढे स्पर्धेची पायरी निवडताना आपल्याला त्याचीच गरज पडणार आहे.

फटक्याचे शिक्षण कोठून सुरू करावे? पुष्कळ मुले हातांपासून सुरुवात करतात आणि अंगातील सारी शक्ती बाहूंत एकवटून बॅट फिरवतात. हे चूक आहे. फटका जमिनीपासून सुरू होतो. प्रथम पाय खांद्यांइतक्या अंतरावर ठेवावेत व गुडघे किंचित वाकवावेत. शरीराचा भार मागच्या पायावर घ्यावा. चेंडू सुटताच पुढचा पाय पिचरच्या दिशेने हलकेच टाकावा. मग कंबर वळते, कमरेमागून खांदे वळतात आणि सर्वांत शेवटी हात येतात. दही घुसळताना रवी फिरते ती दोरीच्या ओढीने. रवीस स्वतः काही करावे लागत नाही. फटक्यात बॅटचे तसेच आहे. पाय व कंबर ही तिची दोरी होय.

बॅट धरण्याचीही एक रीत आहे. ती मुठीत करकचून आवळू नये; बोटांत धरावी. उजव्या हाताने खेळणाऱ्याने उजवा हात वर व डावा खाली ठेवावा. जड बॅट म्हणजे मोठा फटका, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु विज्ञान निराळेच सांगते. बॅटचे वजन दुप्पट केले, तर तिच्यातील गतीची ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट केला, तर ती चौपट होते. म्हणून जी बॅट वेगाने व ताब्यात ठेवून फिरवता येते, तीच आपली बॅट. एक सोपी कसोटी आहे. बॅट एका हातात धरून हात समोर सरळ ताठ करावा व संथपणे वीस अंक मोजावेत. तेवढ्यात बॅटचे टोक खाली झुकू लागले, तर ती बॅट तुमच्या थोरल्या भावाची समजावी.

पाय, कंबर आणि हात यांची ओळख झाली, की पाळी येते डोळ्यांची. चेंडू पिचरच्या हातून सुटल्यापासून तो बॅटवर आदळेपर्यंत डोळ्यांनी त्याचा पाठलाग करावा. फटका मारून झाल्यावर तो कोठे गेला हे पाहण्याच्या उतावळेपणाने मुले मान आधीच वर करतात, आणि मान वर झाली, की खांदा उचलला जातो व बॅट चेंडूच्या वरून निघून जाते. आमच्या मैदानावर मी चेंडूवर खडूने एकदा लाल आणि एकदा निळा ठिपका काढीत असे. चेंडू टोलवल्यावर मुलाने ठिपक्याचा रंग सांगायचा. प्रारंभी कोणासच तो दिसत नसे. महिन्याभराने काहींस दिसू लागे, आणि ज्यांस तो दिसे, त्यांचे फटके आपोआप सुधारलेले असत.

सरावाचाही क्रम असावा. प्रथम चेंडू स्थिर असावा. कमरेइतक्या उंचीच्या एका उभ्या दांड्यावर चेंडू ठेवून तो टोलवावा. मोठ्या मुलांस हे पोरकट वाटते. पण जगातील नामांकित खेळाडूही हा सराव सोडत नाहीत. दुसऱ्या टप्प्यात सोबत्याने बाजूस बसून चेंडू हलकेच वर उडवावा व आपण तो समोरच्या जाळीत मारावा. तिसऱ्या टप्प्यात समोरून मंद गतीचा चेंडू घ्यावा. चौथ्या टप्प्यात खरा पिचर व खरा वेग. या साऱ्या सरावात डोक्यावर शिरस्त्राण असलेच पाहिजे, आणि बॅट फिरवणाऱ्याच्या आसपास कोणी उभे राहता कामा नये. पुढचा टप्पा गाठला, म्हणून मागचा सोडून द्यावा असेही नाही. संगीताचे विद्यार्थी कितीही मोठे झाले तरी पहाटे षड्ज लावतातच. तसा स्थिर चेंडू हा फलंदाजाचा षड्ज आहे.

येथवर फटक्याचा विचार झाला. आता पायरीचा विचार करू. शाळेच्या क्रीडास्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्र अशा चढत्या पायऱ्यांनी होतात. वरूडच्या संघाने जिल्ह्यात यश मिळवले, तर त्यास अमरावती विभागात अकोला, बुलढाणा, वाशीम व यवतमाळ या जिल्ह्यांच्या संघांशी गाठ घालावी लागते. वयाचेही गट असतात: चौदा वर्षांखालील, सतरा वर्षांखालील आणि एकोणीस वर्षांखालील. वऱ्हाडाला व्यायामाची मोठी परंपरा आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. अशा भूमीत वाढलेल्या मुलांच्या, आणि त्यांच्या शिक्षकांच्याही, मनात वरची पायरी गाठण्याची उत्कंठा असावी यात नवल नाही. परंतु ही उत्कंठाच कधी कधी घात करते. त्याची एक हकीकत सांगतो. तीत चूक माझीच आहे.

आमच्या शाळेत सातवीत एक मुलगी होती. वडिलांच्या शेतात संत्र्याची बाग होती, आणि बागेतील गळालेली हिरवी फळे काठीने टोलवीतच ती लहानाची मोठी झाली होती. तिच्या वयाच्या मुलींत तिच्यासारखा फटका कोणाचाच नव्हता. एके वर्षी सतरा वर्षांखालील मुलींच्या संघात एक खेळाडू आजारी पडली. सामना जिल्ह्याचा होता. मी विचार केला, या मुलीला घ्यावे. शाळेचे नाव होईल. तिला विचारले, तेव्हा ती नुसती मान खाली घालून म्हणाली, “तुम्ही म्हणसान तसं, गुरुजी.” मी ती संमती समजलो. ती संमती नव्हती, आज्ञापालन होते. हा भेद ओळखणे शिक्षकाचे काम होते.

त्या सामन्यात ती तीन वेळा फलंदाजीस गेली व तिन्ही वेळा बाद झाली. समोरची पिचर तिच्याहून चार वर्षांनी मोठी व चांगली उंच होती. बाद होण्याचे मला दुःख नव्हते. परंतु तिसऱ्या वेळी मी एक गोष्ट पाहिली आणि माझ्या मनात चर्र झाले. चेंडू सुटताच तिचा पुढचा पाय पिचरकडे न जाता बाजूस, मागे सरकत होता आणि डोळे मिटत होते. दुसऱ्या दिवशी ती आली, तिने बॅट कपाटात ठेवली आणि म्हणाली, “गुरुजी, मले आता चेंडू दिसतच नाही जी.” चौदा वर्षांखालील गटात, पूर्वी जो चेंडू ती सहज टोलवीत असे, तोही आता तिला दिसेना. मी तिला वरच्या पायरीवर नेले नव्हते. तिच्या पायाखालची पायरीच काढून घेतली होती.

त्या संध्याकाळी मी तिच्या वडिलांना भेटून माझी चूक कबूल केली. ते बागेतच होते. ते रागावले नाहीत. नव्या लावलेल्या कलमांकडे बोट दाखवून त्यांनी मला विचारले, “गुरुजी, या झाडाचा फुलोरा आम्ही काहून खुडतो, ठावं हाय का?” वरूडात एवढी वर्षे काढूनही मला ते ठाऊक नव्हते. त्यांनी मला समजावले. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करतात. ते लहान असतानाच त्यास फुले येऊ लागतात. पण जाणता शेतकरी पहिली तीन-चार वर्षे त्यावर फळ धरू देत नाही. लहान झाडाने फळांचा भार घेतला, तर त्याची वाढ खुंटते, फांद्या मोडतात आणि पुढे सारे आयुष्य ते झाड दुबळे राहते. परंतु झाड एकदा पोसले, की त्यास भार द्यावाच लागतो. मग मात्र फुलोरा खुडत बसणारा शेतकरी वेडा ठरतो.

आम्ही पुन्हा प्रारंभापासून सुरुवात केली. दांड्यावरचा स्थिर चेंडू, मग हलकेच उडवलेला, मग मंद गतीचा. पुढचा पाय पळू नये म्हणून त्याच्यामागे जमिनीवर मी एक काठी आडवी ठेवीत असे. पाय मागे गेला, की काठीस लागे. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तेव्हा कोठे काठीस पाय लागेनासा झाला. पुढल्या वर्षी ती स्वतःच्या वयोगटात खेळली, आणि त्यानंतर दोन वर्षांनी मोठ्या गटात. त्या वेळी मी तिला विचारले नाही, तिनेच मला येऊन सांगितले, “गुरुजी, आता मी वरच्या गटात खेळतो जी.”

याच्या उलट चूकही माझ्या पाहण्यात आहे. एक अंगाने थोराड मुलगा नेहमी आपल्याहून दुबळ्या संघांशी खेळत राहिला. प्रत्येक सामन्यात त्याचे फटके दूर जात आणि टाळ्या पडत. त्या टाळ्यांनी त्याची बॅट आळशी झाली. मंद चेंडूवर लांबलचक वळसा घेऊन मारण्याची सवय त्यास जडली. पुढे वेगवान पिचर भेटला, तेव्हा त्याचा तो लांब वळसा पुरा होण्यापूर्वीच चेंडू मागच्या खेळाडूच्या हातमोजात विसावू लागला. फार वरची पायरी धैर्य मोडते, तशी फार खालची पायरी कौशल्य गंजवते.

योग्य पायरीने केवढे कार्य साधते, याचे सर्वपरिचित उदाहरण आपल्या महाराष्ट्रात क्रिकेटच्या क्षेत्रात सापडते. खेळ निराळा असला, तरी येणाऱ्या चेंडूस बॅट भिडवण्याचे काम तेच आहे. १९८४ साली अकरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरला त्याच्या थोरल्या भावाने, अजित यांनी, मुंबईच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यांच्याकडे नेले. क्लबतर्फे खेळताना पहिल्या दोन सामन्यांत त्याला भोपळाही फोडता आला नाही. आचरेकरांनी त्यामुळे त्याला घरी बसवले नाही, की एकदम उंचावरही चढवले नाही. सामन्यांच्या संधी अधिक मिळाव्यात म्हणून तो वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात आला. दिवसभर सराव चाले. सराव संपताना आचरेकर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज सचिनला बाद करील त्याचे ते नाणे, आणि तो नाबाद राहिला तर त्याचे. थकलेल्या शरीराने डोळा व पाय ढळू न देण्याचा तो अभ्यास होता.

पुढील पायऱ्या पाहा. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत सचिनने विनोद कांबळीसह ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. त्यापूर्वीच मुंबईच्या रणजी संघात त्याची निवड झाली होती. परंतु त्या हंगामात त्याला अंतिम अकरांत घेतले गेले नाही. तो मोठ्यांच्या सान्निध्यात राहिला, पाहत राहिला, शिकत राहिला. पुढल्या हंगामात कर्णधार दिलीप वेंगसरकर यांनी त्याला सरावाच्या जाळीत कपिल देव यांच्यासारख्या वेगवान गोलंदाजास निर्भयपणे तोंड देताना पाहिले. मग ११ डिसेंबर १९८८ रोजी सुरू झालेल्या सामन्यात, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने पदार्पणातच नाबाद शतक झळकावले. येथे वय पाहिले गेले नाही, की शालेय धावांचा डोंगरही पुरेसा मानला गेला नाही. वरच्या पायरीवरचा चेंडू त्याला दिसतो की नाही, हे आधी जाळीत पाहिले गेले. मी त्या मुलीच्या बाबतीत जे केले नाही, ते नेमके हेच.

चेंडू दिसणे म्हणजे तरी काय? ते केवळ दृष्टीच्या तीक्ष्णतेवर अवलंबून असते का? २००४ साली अमेरिकेत एक मनोरंजक प्रसंग घडला. अल्बर्ट पुहोल्स हे त्या देशातील बेसबॉलचे थोर फलंदाज. एका प्रदर्शनी सामन्यात सॉफ्टबॉलची पिचर जेनी फिंच हिने त्यांना चेंडू टाकले. पुहोल्स यांची बॅट चेंडूस शिवूही शकली नाही व ते बाद झाले. बेसबॉलमध्ये चेंडू खांद्यावरून व ६० फुटांहून अधिक अंतरावरून येतो. त्या हालचाली हजारो वेळा पाहून पुहोल्स यांचा डोळा तयार झाला होता. येथे चेंडू कमरेखालून व जवळून आला, आणि तयार डोळाही नवशिका ठरला. यावरून दिसते, की डोळा हाही सवयीने घडतो. नव्या पायरीवर गेल्यावर पहिले काही दिवस चुकणे हे स्वाभाविकच आहे. त्यास अपयश समजून खचू नये.

शिवाय या खेळात चुकणे म्हणजे काय, हेही समजून घ्या. १९४१ साली टेड विल्यम्स या बेसबॉलपटूने आपल्या हंगामात ४५६ वेळा फटक्याचा प्रयत्न करून १८५ वेळा यश मिळवले. म्हणजे दहांपैकी चार. दहांपैकी सहा वेळा तो अपयशी झाला. तरीही त्याची ती कामगिरी आजतागायत आदराने सांगितली जाते. ज्या विद्येत थोरांतले थोर निम्म्याहून अधिक वेळा चुकतात, त्या विद्येत आपल्या चुकांनी लाजण्याचे कारण नाही.

मग पायरी योग्य आहे हे ओळखावे कसे? वर्षानुवर्षे मैदानावर उभे राहून मी स्वतःपुरता एक ठोकताळा बांधला आहे. ज्या गटात खेळायचे, त्या गटाच्या पिचरकडून सरावात दहा योग्य चेंडू घ्यावेत. त्यांपैकी आठ-नऊ सहज टोलवता आले, तर वरच्या पायरीची तयारी करावी. चार-पाच-सहा लागले, तर तीच पायरी आपली. तेथेच शिकण्यासारखे पुष्कळ आहे. एखाददुसराच लागला, तर एक पायरी खाली उतरून सराव वाढवावा. परंतु या मोजणीहून अधिक विश्वासू साक्षीदार म्हणजे आपला पुढचा पाय. तो कधी खोटे बोलत नाही. चेंडू चुकला, पण पाय पिचरकडे गेला व डोळे उघडे राहिले, तर तुम्ही शिकत आहात. तेथेच टिकून राहा. फटका लागला, पण पाय मागे पळाला, तर तुम्ही भिता आहात, खाली उतरा. बॅट चुकली तर थांबावे, पाय पळाला तर उतरावे, एवढे सूत्र ध्यानात ठेवले तरी पुरे.

खाली उतरण्यात कमीपणा नाही. जिना चढताना पाय घसरला, तर शहाणा माणूस एक पायरी खाली येऊन कठड्यास धरतो आणि पुन्हा चढू लागतो. लोक काय म्हणतील, शाळेचे नाव होईल की नाही, शेजारच्या मुलाची निवड झाली आणि आपली नाही, हे विचार पायरी निवडताना मनात आणू नयेत. आणि मुलांनो, कोणी वडीलधारे तुम्हांला वरच्या गटात खेळण्यास सांगतील व तुमचे मन कचरत असेल, तर मान खाली घालून होकार देऊ नका. नम्रपणे, पण स्पष्टपणे सांगा, की मला अजून चेंडू दिसत नाही. असे सांगणे हे भित्रेपणाचे लक्षण नव्हे. ते आपल्या विद्येविषयीच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. त्याचप्रमाणे मन तयार असेल, तर तेही निःसंकोच सांगा.

आता मी निवृत्त झालो आहे. तरी संध्याकाळी कधी कधी शाळेच्या मैदानाकडे माझी पावले वळतात. मुलांचा सराव चाललेला असतो. चेंडू कोठे गेला, हे पाहण्याची मला आता उत्सुकता नसते. मी कुंपणाशी उभा राहतो आणि मुलांचे पाय पाहतो. एखाद्या लहानशा मुलाचा पुढचा पाय, चेंडू सुटताच, न डगमगता पिचरच्या दिशेने पडला, की मी समाधानाने घराकडे वळतो.